मोजणीत कोण आले, कोण राहिले

(पीनहास सप्ताहात, रविवारी सायंकाळी सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



व्यवस्थापक मंडळाने मला दिलेला विषय सिनेगॉगच्या सभागृहात जरा परका वाटेल असा आहे. आखाती देशांतून सुटीला घरी आलेल्या मुलांनी पुढील वर्षाच्या उच्च पातळीवरील संख्याशास्त्राच्या अभ्यासाची तयारी या उन्हाळ्यात कशी करावी, असे मला सांगायचे आहे. मी मस्कतला बरीच वर्षे गणित शिकवतो, म्हणून हे काम माझ्याकडे आले. परंतु विषय हातात घेतल्यावर माझ्या ध्यानात आले की यासाठी या आठवड्याइतका योग्य आठवडा वर्षात दुसरा नाही. काल आपण पीनहास हा पाराशा वाचला. त्यात इस्राएल लोकांची दुसरी शिरगणती आहे, चिठ्ठ्या टाकून जमिनीची वाटणी करण्याची आज्ञा आहे आणि सलाफहादाच्या पाच मुलींची तक्रार आहे. संख्याशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम या तीन गोष्टींत येतो. ही अतिशयोक्ती नव्हे. पुढे मी ते दाखवणार आहे.

प्रथम या अभ्यासक्रमाविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाचा ‘एपी स्टॅटिस्टिक्स’ हा विषय मस्कतमधील अमेरिकी पद्धतीच्या शाळांत शिकणारी आपली काही मुले घेतात. त्याची पहिली परीक्षा १९९७ साली झाली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकवावा हा त्यामागील हेतू. परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल एक ते पाच या श्रेणीत लागतो. कॅल्क्युलस लागत नाही, त्यामुळे पुष्कळ पालकांची समजूत होते की हा गणितातला सोपा विषय आहे. भारतीय शाळांतून दहावी होऊन आलेल्या मुलांचीही तीच समजूत असते, कारण मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द त्यांनी पूर्वी ऐकलेले असतात. सीबीएसईनेही अकरावी-बारावीला उपयोजित गणित हा वेगळा विषय २०२० पासून सुरू केला आहे आणि त्यातही संख्याशास्त्राचा भाग आहे. तेव्हा मी आज जे सांगेन ते त्या मुलांनाही उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी शाळा सुटायच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी हुशार, दहावीला उत्तम गुण, आणि ऑगस्टपासून ती हा विषय घेणार होती. वडिलांचे म्हणणे असे की सुटीच्या आठ आठवड्यांत संपूर्ण पाठ्यपुस्तक एकदा संपवून घ्यावे, म्हणजे वर्षभर उजळणीच राहील. मी मुलीला एक उदाहरण दिले. गृहीतमध्य पद्धतीने तिने सरासरी काढली, प्रमाण विचलन काढले, सारे अचूक आणि माझ्यापेक्षा वेगाने. मग मी विचारले, “या आकड्यावरून काय कळते?” ती म्हणाली, “प्रमाण विचलन ६.२ आहे.” मी म्हटले, “ते झाले. पण काय कळते?” ती गप्प राहिली. वडीलही गप्प राहिले.

या विषयाची खरी अडचण येथे आहे. आपल्या शाळांत आकड्याखाली दोन रेघा ओढल्या की उदाहरण संपते. या अभ्यासक्रमात तेथून उत्तर सुरू होते. आकडा कोणाविषयी आहे, कोणत्या एककात आहे, तो कोठून आला, त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे पूर्ण वाक्यांत लिहावे लागते. अचूक आकडेमोड करूनही गुण जातात ते वाक्याअभावी. म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितले की पुस्तक संपवण्याची घाई नको. मुलीने या सुटीत वाक्ये लिहायला शिकावे.

ओमानच्या उन्हाळ्यात घराबाहेर पडणे कठीण असते हे येथे आलेल्या कुटुंबांना सांगायला नको. मस्कतच्या दक्षिणेस समुद्रकाठी कुरय्यात नावाचे गाव आहे. २६ जून २०१८ या दिवशी तेथे चोवीस तासांत तापमान ४२.६ अंशांच्या खाली एकदाही उतरले नाही. लक्षात घ्या, हा त्या दिवसाचा उच्चांक नव्हे, नीचांक आहे. मी हा आकडा मुलांपुढे ठेवतो आणि दोन वाक्ये लिहायला सांगतो: यावरून काय म्हणता येते, आणि काय म्हणता येत नाही. पहिले सगळ्यांना जमते. दुसऱ्या वाक्यासाठी वेळ लागतो. एका गावाच्या एका दिवसावरून साऱ्या ओमानच्या हवामानाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय हा दिवस कोणी चिठ्ठी टाकून निवडलेला नाही, तो विक्रमी ठरला म्हणूनच आपल्या कानावर आला. अशा तऱ्हेने कानावर आलेल्या आकड्यांचा नमुना नेहमीच एका बाजूस झुकलेला असतो. हे ज्याला उमगले त्याची अर्धी तयारी झाली.

आता पाराशाकडे वळू. गणनेच्या पुस्तकात दोन शिरगणत्या आहेत. पहिली सिनायच्या रानात, दुसरी जवळजवळ चाळीस वर्षांनी मवाबाच्या मैदानात. वीस वर्षांवरील, लढाईस जाण्याजोगे पुरुष पहिल्या वेळी ६,०३,५५० भरले, दुसऱ्या वेळी ६,०१,७३०. फरक अवघा १,८२० चा. एवढाच आकडा पाहणारा म्हणेल की चाळीस वर्षांत काही बदलले नाही. परंतु बारा वंशांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहा. शिमोनाचा वंश ५९,३०० वरून २२,२०० वर आला आहे. मनश्शेचा वंश ३२,२०० वरून ५२,७०० वर गेला आहे. यहूदा दोन्ही वेळा सर्वांत मोठा: ७४,६०० आणि ७६,५००. दर वंशी सरासरी पहिल्या वेळी सुमारे ५०,२९६ आणि दुसऱ्या वेळी ५०,१४४. मध्यक ४९,९५० आणि ४९,१५०. केंद्र जवळजवळ जागचे हललेले नाही. विस्तार मात्र वाढला आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वंशातील अंतर ४२,४०० होते ते ५४,३०० झाले. प्रमाण विचलन सुमारे ११,८०० होते ते १४,४०० च्या आसपास गेले. म्हणजे बेरीज स्थिर राहिली आणि घरे मात्र हलली. शिमोनाच्या घरातून जे लोक गेले ते मनश्शेच्या घरात वाढलेल्या लोकांनी भरून निघाले असे फक्त हिशेबाच्या वहीत दिसते. शिमोनाच्या तंबूत तसे कोणी म्हटले नसेल.

मुलांनी हे बारा जोड्यांचे कोष्टक स्वतः तयार करावे. घरात तोरा आहे, त्यासाठी वेगळे पुस्तक विकत घेण्याचे कारण नाही. प्रमाण विचलन काढताना बारांनी भागावे की अकरांनी, हा प्रश्न पडेल आणि तो पडलाच पाहिजे. हे बारा वंश मोठ्या समूहातून काढलेला नमुना नाहीत, तेच संपूर्ण आहेत. म्हणून मी बारांनी भागले. नमुना असता तर अकरांनी भागले असते. कॅल्क्युलेटर दोन्ही उत्तरे दाखवतो आणि कोणते घ्यावे ते सांगत नाही. आणखी एक गंमत अशी की पहिल्या गणतीत गाद वंशाचे ४५,६५० सोडले तर सर्व आकडे शंभरांत आहेत, आणि दुसरीत रऊबेनाचे ४३,७३० सोडून. मूळ आकडे पूर्णांकांत बसवलेले असावेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. विद्यार्थ्याने आकडे पाहताना प्रथम असेच पाहावे, सूत्र नंतर आठवावे.

पण या पाराशातील सर्वांत मोठा धडा आकड्यांत नाही. गणती संपते, जमीन कोणाकोणात वाटायची ते ठरते आणि त्यानंतर महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाच बहिणी मोशे रब्बेनूपुढे येऊन उभ्या राहतात. त्यांचा पिता मरण पावला आहे, त्याला मुलगा नव्हता. गणती पुरुषांची, म्हणून त्या घरातले कोणीच मोजणीत नाही. आणि वाटणी यादीवरून होणार, म्हणून त्या घराला जमीनही नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे असा निर्णय मिळाला. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याला नमुनाचौकटीतील त्रुटी असे काहीसे नाव आहे. मी मुलांना सांगतो की नाव विसरलात तरी चालेल. कोणतेही सर्वेक्षण हातात आले की आधी सलाफहादाच्या मुली शोधा. यादीत कोण नाही? ते का नाही? त्यांना मोजले असते तर उत्तर कोणत्या दिशेला सरकले असते? परीक्षेत हा तिसरा प्रश्नच विचारतात. “नमुना चुकीचा आहे” एवढे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळत नाहीत. चूक कोणत्या दिशेला नेते आणि का, हे लिहावे लागते.

ओमानचेच उदाहरण घेऊ. तेथील पहिली जनगणना १९९३ साली झाली आणि लोकसंख्या २०,१८,०७४ भरली. २०२० च्या जनगणनेत ती ४४,७१,१४८ झाली, त्यांपैकी १७,३९,६९२ परदेशी, म्हणजे शंभरात सुमारे एकोणचाळीस. आपली तेथील कुटुंबे त्यांत आली. परंतु २०२० साली कोणी गणक दारावर आला नाही. ती गणना सरकारी नोंदींवरून, संगणकाद्वारे झाली. माणसे मोजली नाहीत, माणसांच्या नोंदी मोजल्या. आपल्याला हे ऐकून नवल वाटू नये, कारण माणसांची डोकी मोजू नयेत, प्रत्येकाचा अर्धा शेकेल घ्यावा आणि नाणी मोजावीत, ही आज्ञा आपल्याकडे फार जुनी आहे. दावीद राजाने तिच्याविरुद्ध जाऊन गणती केली तेव्हा काय झाले ते शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मिन्यान भरला की नाही हे पाहताना कित्येक ठिकाणी आकडे न उच्चारता दहा शब्दांचा पासूक म्हणतात, तेही त्यातूनच आलेले. नोंदींवरून मोजण्याचे लाभ उघड आहेत: खर्च कमी, वेळ कमी. पण ज्याची नोंद नाही तो नाही, आणि जो गेला पण ज्याची नोंद राहिली तो आहे. शिवाय २०२० हे साथीचे वर्ष होते, नोकऱ्या जाऊन पुष्कळ भारतीय कुटुंबे परतली होती. त्या वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहताना हे विसरता येत नाही.

चिठ्ठ्यांविषयी बोलतो. संभाव्यता हा भाग मुलांना सर्वांत अवघड जातो, आणि उन्हाळ्यात त्याची तयारी सूत्रांनी करू नये, चिठ्ठ्यांनी करावी. गणनेच्या तिसऱ्या अध्यायात प्रथमजन्मे २२,२७३ भरले आणि त्यांच्याऐवजी सेवेस घ्यायचे लेवी २२,०००. वरचे २७३ उरले, त्यांनी प्रत्येकी पाच शेकेल द्यायचे; एकूण १,३६५ शेकेल. पण ते २७३ कोणते? जो तो म्हणणार, माझ्या वाटचा लेवी मिळाला, दुसऱ्याकडे मागा. सान्हेद्रीन या मसेख्तामध्ये यावर सांगितले आहे की मोशे रब्बेनूने २२,००० चिठ्ठ्यांवर ‘लेवी’ लिहिले, २७३ चिठ्ठ्यांवर ‘पाच शेकेल’ लिहिले, त्या मिसळल्या आणि प्रत्येकाला एक उचलायला सांगितली. आजचा संख्याशास्त्रज्ञ याहून वेगळे काही करणार नाही.

आता मुलांनी विचारावे: जो आधी उचलील त्याचा फायदा की जो शेवटी उचलील त्याचा? बहुतेक जण म्हणतात, आधीच्याचा. काही म्हणतात, नंतरच्याचा. घरी करून पाहा. अकरा चिठ्ठ्या घ्या, नऊंवर ‘लेवी’, दोहोंवर ‘पाच शेकेल’. पहिल्याला दंड पडण्याची संभाव्यता अकरात दोन. दुसऱ्याची काढायची तर दोन वाटा आहेत: पहिल्याला दंड पडला तर दहांत एक उरते, न पडला तर दहांत दोन. दोन्ही वाटा जोडल्या की एकशे दहांत वीस, म्हणजे पुन्हा अकरात दोन. रांगेतील जागेने काही बिघडत नाही. कागदावर हे चार ओळींत होते, पण मनाला पटायला शंभर वेळा चिठ्ठ्या उचलाव्या लागतात. त्या शंभर वेळांत दुसऱ्याला दंड नेमका अठरा वेळा पडेल असे नाही. कधी तेरा, कधी बावीस. हे का होते आणि किती होऊ द्यावे, हाच पुढे वर्षभराचा विषय आहे. ज्याने स्वतःच्या हाताने तेरा आणि बावीस पाहिले आहेत त्याला नोव्हेंबरात नमुना-वितरण शिकवताना मला कष्ट पडत नाहीत.

नमुना मोठा घेतला की चूक नाहीशी होते, हा एक सार्वत्रिक भ्रम आहे. तो घालवायला मी मुलांना पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची गोष्ट सांगतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. त्याआधी देशातील पिकाचा अंदाज घेण्यासाठी शेतांत लहान लहान तुकडे आखून तेवढेच पीक कापून तोलण्याची पद्धत वापरात येत होती. तुकडा लहान असला तर थोड्या खर्चात पुष्कळ तुकडे होतात, म्हणजे नमुना मोठा. सुखात्मे यांनी दाखवून दिले की फार लहान तुकड्यांवरून उत्पन्नाचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त येतो. कारण साधे आहे. रेषेवर आलेले रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत धरतो. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी, म्हणून तितकी ही भर जास्त. असे हजार तुकडे कापले तरी चूक कमी होत नाही, ती अधिक ठामपणे होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारख्या थोर माणसाशी या प्रश्नावर त्यांचा मतभेद झाला, आणि वाद किती दाण्यांचा तर एका रोपाचा. देशात दुष्काळाची भीती असताना उत्पन्न फुगवून सांगणारा अंदाज किती धोक्याचा, हे वेगळे सांगायला नको.

आता जरा गंभीर भाग येतो. संख्याशास्त्रात परिकल्पनेची चाचणी नावाचे प्रकरण आहे आणि त्यात दोन प्रकारच्या चुका शिकवतात. मुले त्या पाठ करतात आणि पहिली कोणती, दुसरी कोणती, याचा घोळ घालतात. येवामोथच्या चौसष्टाव्या पानावर हा प्रश्न त्याच्या पूर्ण वजनासह आला आहे. एका बाईने पहिल्या मुलाची सुंता केली, तो दगावला. दुसऱ्याची केली, तोही दगावला. तिसऱ्याची करावी का? रब्बी म्हणतात, दोनदा घडले एवढे पुरे, करू नये. रब्बान शिमोन बेन गामलीएल म्हणतात, तिसऱ्याची करावी. तिघे गेले तर चौथ्याची करू नये. तेथेच सिप्पोरी गावातील चार बहिणींची हकिगत आहे. तिघींची मुले अशी गेली, चौथी रब्बान शिमोनकडे आली, तेव्हा त्यांनी सांगितले, करू नकोस. हा रक्त न गोठण्याचा आजार आईकडून येतो हे वैद्यकाने पुष्कळ नंतर सांगितले. पण बहिणींच्या मुलांचा अनुभव एकत्र धरावा हे येथे दिसते.

मी मुलांना समजा म्हणून सांगतो: एखादे अर्भक दुसऱ्याच काही कारणाने दगावण्याची संभाव्यता दहांत एक धरा. मग केवळ योगायोगाने लागोपाठ दोन जाण्याची संभाव्यता शंभरांत एक, तीन जाण्याची हजारांत एक. तीनपर्यंत थांबणाऱ्याचा निष्कर्ष अधिक पक्का असतो यात शंका नाही. परंतु त्या पक्केपणाची किंमत तिसरे मूल आहे. उलट दोनवरच थांबलो आणि ते निव्वळ योगायोगाने घडले असले, तर एका निरोगी मुलाची मिला वेळेवर होत नाही, आणि तीही आज्ञा आहे. एक चूक एका बाजूची, दुसरी दुसऱ्या बाजूची. एक कमी करावी तर दुसरी वाढते. कोणती अधिक सोसवेल हे गणित सांगत नाही. रांबाम स्वतः वैद्य होते, आणि त्यांनी दोनवर थांबण्याचा निर्णय दिला आहे. आपल्या ग्रंथांतील अशा विचारांवर नाहूम राबिनोविच यांनी १९७३ साली एक संपूर्ण इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. मोठ्या मुलांनी ते ग्रंथालयात शोधावे. पुस्तकात ‘पाच टक्के पातळी’ असा शब्द आला की माझे विद्यार्थी निमूटपणे पाच टक्के घेतात. या बाईची गोष्ट ऐकल्यावर ते विचारतात, पाचच का? माझ्या मते एवढा एक प्रश्न विचारता येणे हे सगळ्या सूत्रांपेक्षा मोलाचे आहे.

आपल्याच समाजाचे एक उदाहरण देतो, कारण मुले ते घरी विचारतात. २०१६ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्राएल लोकांच्या आनुवंशिकतेवर एक संशोधन प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी किती जणांची तपासणी झाली होती? अठरा. आपल्या रक्तात यहुदी आणि भारतीय असा दोन्हीकडचा मोठा वाटा आहे आणि हा संयोग सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. लगेच दोन प्रतिक्रिया झाल्या. काही म्हणाले, शास्त्राने सिद्ध केले. काही म्हणाले, अठरा माणसांवरून काय कळते? दोन्ही वाक्ये घाईची आहेत. प्रत्येक माणसाच्या जनुकांतील पुष्कळ जागा तपासलेल्या असतात, आणि पूर्वज कोणत्या समूहांचे होते या प्रश्नाला अठरा माणसेही बरेच उत्तर देऊ शकतात. पण अमुक आजार आपल्यात शंभरात कितींना आहे, असे विचारले तर अठरा अगदी अपुरे. नमुना पुरेसा आहे की नाही हे प्रश्नावर ठरते. दुसरे असे की त्यांनी एक आकडा न देता पल्ला दिला आहे, आणि हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. तिसरे, संयोग कधी झाला याची तारीख ही नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज कधी आले याची तारीख नव्हे. आलेली माणसे किती काळ आपापसातच राहिली हे त्या आकड्यात नाही. नवगावची परंपरा या संशोधनाने खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. मुलांनो, आजीशी वाद घालण्यापूर्वी हे तिसरे वाक्य नीट वाचा.

पालकांना वेळापत्रक हवे असते, म्हणून उरलेल्या दिवसांविषयी सांगतो. बीजगणितातील सरळ रेषा पक्की असावी. चढ म्हणजे काय हे वाक्यात सांगता आले पाहिजे. संगणकावर कोष्टक करून त्यावरून आलेख काढता यावा. एवढ्याला दोन आठवडे पुरे. शाळा कोणता कॅल्क्युलेटर सांगते ते पाहून तोच घ्यावा आणि सुटीत त्याच्याशी ओळख करून घ्यावी. यापलीकडे शिकवणी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओमानचे राष्ट्रीय सांख्यिकी व माहिती केंद्र दरमहा आकडे प्रसिद्ध करते. त्यांतले एक कोष्टक आठवड्याला घ्यावे आणि त्यावर पाच वाक्ये लिहावीत, मराठीत लिहिली तरी चालतील.

आणि एक काम हातांनी करावे. मत्रहच्या मासळी बाजारात सुरमई येते. तेथे तिला कनअद म्हणतात. खवल्यांची मासळी, आपल्याला चालणारी. वडिलांबरोबर सकाळी जाऊन तीस माशांची लांबी आणि वजन लिहून आणावे. विक्रेते हसतील, पण मोजू देतात असा माझा अनुभव आहे. मग आलेख काढावा. मुलाला वाटते सरळ रेष येईल, येत नाही. मासा लांबीला दुप्पट झाला तर वजनाला आठपटीच्या आसपास जातो, कारण तो रुंदीला आणि जाडीलाही वाढतो. रेष ओढून पाहिली की मधले मासे रेषेखाली राहतात आणि दोन्ही टोकांचे वर जातात. तो वाकलेला आकार एकदा स्वतः पाहिला की पुस्तकातील अवशेषांचा आलेख पुन्हा समजावून द्यावा लागत नाही. येथे सध्या पावसाळी मासेमारी बंदी आहे. बाजारात जी येते ती कोठून कशी आली ते विचारल्याशिवाय तो नमुना घेऊ नका. ओमानात सुरमईची बंदी १५ ऑगस्टला सुरू होते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत चालते. म्हणून जे त्याआधी परतणार आहेत त्यांनी पहिल्याच आठवड्यात हे उरकावे.

त्या मुलीचे विचाराल तर तिने बारा वंशांचे कोष्टक केले, मत्रहला तीनदा गेली आणि एक वही वाक्यांनी भरली. पहिल्या पानावरची वाक्ये आणि शेवटच्या पानावरची वाक्ये एकाच हातची वाटत नाहीत. तिच्या वडिलांनी मला विचारले की पुस्तक संपले का. संपले नव्हते.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मुले येथे जमणार आहेत. शामाससाहेबांनी दोन रिकामे डबे देण्याचे कबूल केले आहे. प्रत्येकाने घरून एकाच मापाच्या, सारख्याच घडीच्या अकरा चिठ्ठ्या करून आणाव्यात. मापात फरक राहिला तर बोटांना ते कळते, आणि मग सगळा हिशेब बिघडतो.

शालोम.